हात बघून धार

बाजारात त्याला सुरीवाला म्हणत आणि तिला मुठीवाली. तो पातं घडवी, ती मूठ बसवी, आणि दोघांचा संसारही साधारण त्याच चालीवर चाललेला होता. तापायचं त्यानं, धरून ठेवायचं हिनं.

लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की नवऱ्याचं डोकं थोडं फिरलेलं आहे. दुकानाच्या भिंतीवर सुऱ्या टांगलेल्या, एकीपेक्षा एक देखणी, आणि धार एकीलाही नाही. तिनं कांदा चिरायला म्हणून एक काढून घेतली, तर कांदा चिरायचा सोडून घरंगळत भट्टीपर्यंत गेला. "अहो, या सुऱ्या आहेत की शोभेचं सामान?" असं तिनं विचारलं मात्र, तो इतका दुखावला की दुपारी जेवलाच नाही. संध्याकाळी मग तिचा हात हातात घेऊन, उलटासुलटा करून बघत म्हणाला, "माणूस समोर आल्याशिवाय धार द्यायची नसते. कुणाच्या हातात जाणार ते बघायचं, मग धार." नवरा लाडात आलाय असं तिला वाटलं होतं. तो उठला आणि तिच्या हाताच्या मापाची एक सुरी घासायला बसला.

पुढं तिला त्याची सवय झाली, म्हणजे इलाजच नव्हता. गिऱ्हाईक यायचं, भिंतीवरची एखादी सुरी पसंत करायचं, आणि घाईत असायचं. याला कसली घाई! हा त्याला स्टुलावर बसवणार, हातात बटाटा देणार, जुनी सुरी देऊन कापायला लावणार आणि स्वतः गप्प बसून मनगट बघणार. माणूस दाब देऊन कापतो की ओढून कापतो, हात थरथरतो का, उजवा आहे की डावखुरा, खाटीक आहे की खानावळीतला. मग खिशातून धारेचा दगड काढणार आणि त्या माणसादेखत धार लावणार. निम्मी गिऱ्हाइकं तेवढ्या वेळात जांभया देऊन निघून जात. उरलेली निम्मी मात्र दुसरीकडं कुठं जात नसत. मुठीवालीला पहिल्या निम्म्यांचा राग येई आणि नवऱ्याचा त्याहून जास्त.

"ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं करता तुम्ही," ती म्हणायची. "सुरीचं दुकान, आणि धार मागितली की हात दाखवा!"

तो ऐकून घ्यायचा. ऐकून घेणं आणि ऐकणं यातला फरक त्या घरात सगळ्यांना माहीत होता.

आणि मग कायदा आला.

झालं होतं असं, की भर बाजारात दोघांची गाडी लावण्यावरून जुंपली आणि एकानं दुसऱ्याच्या दंडात सुरी खुपसली. सुरी कुठली, तर मोठ्या दुकानात सहाच्या संचात मिळते ती, कारखान्याची, गुलाबी प्लास्टिकच्या मुठीची. पात्यावर किमतीचं चिकटपत्र तसंच होतं. जखमी माणूस चार टाके घालून घरी गेला, पण पुढारी मात्र जागे झाले. त्यांनी भाषणं केली, समिती नेमली, समितीनं चहा घेतला आणि कायदा केला. कायद्याप्रमाणं कारखान्यातून खोक्यात बंद होऊन आलेली सुरी हे स्वयंपाकघरातलं भांडं ठरलं, आणि हातानं घडवलेलं, वीतभराहून लांब, धारदार पातं हे हत्यार. हत्याराला परवाना हवा. परवाना कुणी द्यायचा, हे लिहायचं तेवढं राहून गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. फरक इतकाच की इथं संन्याशाला आधी अर्ज करायला सांगितलं होतं, आणि अर्ज घ्यायला खिडकी नव्हती.

कारागिरांची एक संघटना होती. तिचा अध्यक्ष म्हणजे मुठीवालीचा सख्खा थोरला भाऊ. एके काळी तोही भट्टीवर बसायचा. आता तो सभांना बसायचा. त्यानं सरकारदरबारी खेटे घालून एक सवलत पदरात पाडून घेतली. कारागिरानं स्वतःला 'शोभेच्या वस्तूंचा कारागीर' म्हणवून घ्यायचं, पात्याची टोकं गोल करायची, धार लावायचीच नाही, आणि सुरी मखमलीच्या फळीवर चिकटवून विकायची. मग कायदा आडवा येणार नाही. उलट वर्षातून एकदा शाल मिळेल. दादानं स्वतः ती शाल घेतली होती. शाल पांघरलेला त्याचा फोटो त्याच्या दुकानात लागला, बरोबर तिथं, जिथं पूर्वी त्याच्या बापाचा हातोडा टांगलेला असायचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं सुरीवाला त्याच्याबद्दल म्हणाला. मेहुण्याबद्दल असं बोलू नये म्हणून मुठीवाली त्याच्यावर ओरडली. मनातून तिला ते पटलं होतं, म्हणून जरा जास्तच ओरडली.

धाड पडली ती भर दुपारी. चार जण आले, भिंतीवरच्या सगळ्या सुऱ्या काढून त्यांनी पोत्यात भरल्या. पोत्यात! बटाटे भरतात तशा. शिसवाच्या, शिंगाच्या, जुन्या दाराच्या सागवानाच्या मुठी एकमेकींवर आपटत पोत्यात गेल्या. एकेक मूठ तिनं दिवस दिवस घासून, तेल पाजून बसवलेली होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "अहो, निदान कागदात तरी गुंडाळा." त्यांच्यातला एक हसून म्हणाला, "बाई, हे पुरावे आहेत, भांडी नव्हेत." भट्टीच्या दाराला कुलूप लागलं, कुलपाला लाखेचं सील. सुनावणीची तारीख देऊन ते गेले. भिंतीवर नुसते खिळे राहिले. सुरीवाला त्या खिळ्यांकडं बघत बराच वेळ बसून होता, आणि तिला त्याची दया आली. दया आली की ती चिडायची, तशी चिडली.

त्याच संध्याकाळी दादा आला. हसतच आला.

"अगं, तुम्ही सुटलात," तो म्हणाला. "भाऊजींच्या वेडेपणानंच सुटलात बघ. कायद्यात काय लिहिलंय? धारदार पातं. भाऊजींच्या भिंतीवर धार होती का एकीला तरी? गिऱ्हाईक आल्याशिवाय हे लावतच नाहीत. म्हणजे पोत्यातली एकही वस्तू हत्यार नाही. सुनावणीत साहेब तपासून बघणार, काही कापलं जाणार नाही, मग विचारणार, 'तुमच्या सुरीला धार नसते हे मान्य आहे?' हो म्हणायचं आणि माल घेऊन घरी यायचं. एक शब्द बोलायचाय जावईबापूंना. जमेल?"

"धार नसते असं कसं?" सुरीवाला म्हणाला. "अजून दिलेली नसते."

"बघ!" दादा बहिणीकडं वळून म्हणाला. "हे असं तिथं बोलले की संपलं. यांना तू सांभाळ."

सुनावणीपर्यंतचे दिवस मुठीवालीनं नवऱ्याला शिकवण्यात घालवले. शाळेत घालायच्या पोरालाही कुणी इतकं घोकून घेतलं नसेल. सकाळी चहा देताना ती विचारायची, "तुमच्या सुरीला धार नसते?" तो कपात बघत बसायचा. भाजी वाढताना पुन्हा, "धार नसते?" तो म्हणायचा, "मीठ दे." एकदा तर तो चिडून म्हणाला, "असं म्हणण्यापेक्षा मी दादासारखी शाल घेतो," आणि ती म्हणाली, "घ्या की! निदान थंडीत उपयोगाला येईल." त्यावर दोघंही हसली नाहीत.

शेवटी तिनं निर्वाणीचं सांगितलं. भट्टी गेली तर तुम्ही काय करणार? या वयात कुणाच्या दारात पहारा देत बसणार? तुम्ही बसालही, मला बघवणार नाही. माझ्यासाठी एक शब्द बोला. एवढ्या वर्षांत तुमच्याकडं काही मागितलंय मी?

मागितलं होतं, पुष्कळ मागितलं होतं, पण हे असं नव्हतं. तो म्हणाला, "बरं."

सुनावणीच्या सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला, आणि तिनं त्याच्या खिशात हात घालून धारेचा दगड काढून घेतला. साबणाच्या वडीएवढा तो दगड, एका बाजूनं खरखरीत, दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत, मधोमध झिजून खोलगट झालेला. तो खिशात असला की याचे हात शिवशिवतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरी ठेवला तर हा शोधत बसेल, म्हणून तिनं तो आपल्याच पिशवीत टाकला.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हे कोर्ट नव्हतं, नुसतं कार्यालय होतं, पण पायऱ्या तेवढ्याच होत्या. आतल्या खोलीत लोखंडी कपाटं, टेबलावर काच, काचेखाली कुणाकुणाची जुनी पत्रं आणि मागच्या कधीच्या तरी वर्षाचं कॅलेंडर. पोतं कोपऱ्यात पडलेलं होतं. त्यावर कुणीतरी ओली छत्री टेकवून ठेवली होती. साहेब बरे दिसत होते, म्हणजे पोट सुटलेले, चष्मा कपाळावर चढवलेले, घरी जायची घाई असलेले. दादा आधीच येऊन साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता, जणू कार्यालय त्याच्याच मालकीचं.

"बसा," साहेब म्हणाले. "फार वेळ नाही लागायचा."

त्यांनी पोत्यातून एक सुरी काढली. मुठीवालीनं ती लांबूनही ओळखली. शिंगाच्या मुठीची होती, आणि मुठीवर पोत्यातला नवा ओरखडा उठलेला होता. साहेबांनी पातं कागदावर ओढलं. कागद चुरगळला. मग त्यांनी शिपायाला हाक मारून कँटीनमधून टोमॅटो आणायला सांगितलं. सरकारी तपासणी ती, वरवर करून कशी चालेल! टोमॅटो आले. साहेबांनी एकावर सुरी दाबली. टोमॅटो फुटला, बिया काचेवर उडाल्या, आणि शिपाई खो खो हसला.

"अहो, हे काय?" साहेब म्हणाले. "यानं टोमॅटोसुद्धा कापत नाही, आणि म्हणे धाड घातली! आयुष्यभर हेच करता तुम्ही?"

दादाही हसला. "शोभेचं काम आहे साहेब. मी म्हटलं नव्हतं?"

साहेबांनी खण उघडून एक गुलाबी मुठीची सुरी काढली, तसलीच, सहाच्या संचातली. "ही बघा. बायकोनं दिली आहे, डब्यातलं फळ कापायला. धार ही अशी असते." दुसरा टोमॅटो त्यांनी कापला, म्हणजे करवतल्यासारखा पुढंमागं करत दोन तुकडे केले आणि विजयी मुद्रेनं वर पाहिलं. मुठीवालीनं टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. त्याची मान खाली होती. आपला माणूस शिकला बाई, असं तिला वाटलं. खरं म्हणजे तो साहेबांच्या हाताकडं बघत होता.

साहेबांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत गेले. "सदर वस्तू बोथट असून... कापण्यास निरुपयोगी... निकृष्ट. हां. आता फक्त एक विचारतो, तेवढं कबूल करा आणि पोतं घेऊन जा. तुमच्या सुरीला धार नसते, मान्य आहे?"

तिनं पाय आणखी जोरात दाबला.

"हो," सुरीवाला म्हणाला.

त्या एका शब्दासाठी तिनं किती दिवस चहात आणि भाजीत तोच प्रश्न कालवला होता! शब्द आला, जसा हवा तसा आला, आणि तो कानावर पडल्याबरोबर तिला कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. आवाज नवऱ्याचा नव्हताच. तो दादाचा आवाज होता, शाल पांघरलेल्या माणसाचा. या माणसानं तिच्याशी हरतऱ्हेचं खोटं बोलून झालं होतं, जेवलो म्हणून, दुखत नाही म्हणून, उद्या नक्की म्हणून. पण पात्याबद्दल तो कधी खोटं बोललेला तिला आठवेना. आणि ते तिनं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. तिला स्वतःची इतकी किळस आली की पुढचं मागचं काही सुचेना.

"खोटं बोलताहेत हे," ती म्हणाली.

साहेबांनी लेखणी थांबवली. दादा अर्धवट उठला. "अगं ए..."

"तू बस खाली. तू बसूनच असतोस नाहीतरी." पिशवीत हात घालून तिनं दगड काढला आणि काचेवर, टोमॅटोच्या बियांत ठेवला. "अहो, लावा धार."

सुरीवाल्यानं तिच्याकडं पाहिलं. दगडाकडं पाहिलं. आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय हे त्यालाही कळत होतं, धोंडा तर समोरच होता. मग तो इतका सावकाश हसला की तिला आपल्या लग्नानंतरचा तो पहिला आठवडा आठवला. त्यानं साहेबांच्या पेल्यातलं पाणी न विचारता दगडावर ओतलं.

"साहेब, जरा हात बघू."

"कसला हात?"

"लिहिता तो. डावा."

साहेबांनी गोंधळून डावा हात पुढं केला. करंगळीची कड शाईनं निळी झालेली होती, डावखुऱ्या माणसाची होते तशी. सुरीवाल्यानं मनगट धरून वळवून पाहिलं, सोडून दिलं, आणि घासायला बसला. दगडावर पातं सरकण्याचा तो आवाज सुरू झाला आणि मुठीवालीच्या अंगातला ताण एकदम उतरला. वेळ बराच लागला. त्याला घाई करणं कुणाला आजवर जमलं होतं? शेजारच्या खोलीतले दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले. दादा मात्र काचेखालचं कॅलेंडर वाचत बसला होता.

शेवटी त्यानं पातं सदऱ्याला पुसलं आणि मूठ साहेबांकडं करून सुरी दिली. "डाव्या हाताची लावलीये. दाबू नका. नुसती ओढा."

साहेबांनी टोमॅटोवर सुरी टेकवली आणि ओढली. चकती सुटली आणि आडवी झाली. काचेखालचं पत्र तिच्यातून दिसत होतं. त्यांनी दुसरी चकती काढली, मग तिसरी, आणि मग त्यांना थांबवेना. जन्मभर उजव्यांच्या कात्र्या आणि उजव्यांच्या सुऱ्या वापरलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद पसरला. एक टोमॅटो संपला तसा त्यांनी शिपायाकडून दुसरा मागून घेतला. तो संपल्यावर त्यांनी सुरी रुमालानं पुसली, आपल्या खणात ठेवली, खण बंद केला आणि म्हणाले, "म्हणजे धारदार आहे."

"आहे," सुरीवाला म्हणाला.

"मग हत्यार झालं. ही झाली तशा बाकीच्याही होऊ शकतात. माल जप्त. भट्टीला वर्षभर सील." आणि जरा खाली बघून, "माझा नाइलाज आहे." खणातल्या सुरीबद्दल मात्र त्यांनी काही लिहिलं नाही. ती कुठं जाणार हे मुठीवालीला स्वच्छ दिसत होतं. पोत्यात नक्कीच जाणार नव्हती.

"ते खोडा," ती म्हणाली.

"काय?"

"बोथट लिहिलंय ते. आणि निकृष्ट. हत्यार म्हणताय ना, मग ते खोडा. त्याशिवाय मी इथून उठायची नाही."

साहेबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, मग दोन्ही शब्दांवर काट मारली आणि बाजूला सही केली. करंगळी पुन्हा शाईत माखली.

पायऱ्यांवर दादानं तिला गाठलं. "हातात आलेला माल घालवलास! भाऊजी वेडे आहेत हे गावाला माहीत आहे. तुला काय झालं?"

"मला बरं वाटतंय," ती म्हणाली. "तू शाल सांभाळ."

रस्त्याला लागल्यावर मात्र ती हिशोब करू लागली. वर्षभर भट्टी बंद म्हणजे काय, ते आता एकेक करून समोर यायला लागलं. खुरप्यांना, हातोड्यांना, झाऱ्यांना मुठी लागतातच, मुठीवर अजून कुणी कायदा केलेला नव्हता. ती त्या बनवील. पोट कसंबसं भरेल. पण भिंतीवरच्या सुऱ्या गेल्या त्या गेल्या, आणि हा माणूस वर्षभर रिकाम्या हातांनी घरात फिरणार होता. तिला रडू आलं, ते तिनं पदरानं पुसलं. तो शेजारून चालत होता, ओला दगड खिशात परत गेलेला, खिशाभोवती पाण्याचा डाग.

"तुम्ही हो म्हणालात तरी कसं?" ती एकदम त्याच्यावर उखडली.

"तू सांगितलंस म्हणून."

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पुन्हा माझं ऐकू नका," ती म्हणाली.